दगडावर दगड : यॉर्कशायरपासून गॅलोवेपर्यंत

शनिवार, मालम

उत्तर इंग्लंडमधलं स्किप्टन सोडून मालमच्या रस्त्याला लागलं की डोंगर भिंतींनी भरायला लागतात. पांढुरक्या, राखाडी, कमरेच्या वर येणाऱ्या भिंती. ओढ्याकाठी त्या वेड्यावाकड्या धावतात आणि जमिनीचे लहान लहान तुकडे पाडतात. वर डोंगराच्या अंगावर मात्र एकदम सरळ होतात, चढ कितीही उभा असो, थेट माथ्यापर्यंत जातात. यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानात अशा भिंतींची लांबी 8,000 किलोमीटरांहून जास्त भरते. त्यांत चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. नुसता दगडावर दगड.

मी मूळची कुडाळकडची. आमच्याकडे घराभोवती, काजूच्या बागेभोवती, पाणंदीच्या दोन्ही अंगांना जांभ्याचा गडगा असतो, तोही असाच बिनचुन्याचा रचलेला. त्यामुळे लीड्सला राहणाऱ्या भाचीनं आठवडाभर रजा काढून गाडी चालवायची तयारी दाखवली, तेव्हा मला काय पाहायचं ते ठरलेलं होतं.

"मावशी, लंडनला नाही जायचं?"

"लंडन राहू दे. तू मला भिंती दाखव."

तिनं वाद घातला नाही, उलट दोन दिवसांत नकाशावर खुणा करून ठेवल्या.

मालम गावातून एक पायवाट मालम कोव्हकडे जाते. हा चुनखडीचा सुमारे 80 मीटर उंच सरळ कडा आहे, आणि पायथ्यातून एक झरा बाहेर पडतो. लोक कड्याकडे बघत चालतात. आम्ही भिंतींच्या कडेकडेनं चाललो. या भिंती त्याच कड्याच्या दगडाच्या आहेत, हे जवळ गेल्यावर दिसतं. दगडात समुद्री जिवांचे ठसे आहेत, कारण 33 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास इथे उथळ, कोमट समुद्र होता. दगड लांबून कुणी वाहून आणत नसे, हाताशी असेल तोच वापरत. म्हणून या मुलुखात भिंत बघितली की खालचा खडक कळतो. चुनखडी संपून वालुकाश्म सुरू झाला की भिंतही पांढऱ्याची काळपट तपकिरी होते.

वेडीवाकडी आणि सरळ यांत शतकांचं अंतर आहे. गावालगतचे लहान तुकडे जुने, लोकांनी शेत साफ करताना निघालेले दगड कडेला रचत रचत झालेले. या भागात एके काळी फाउंटन्स ॲबीच्या मठाची मेंढरं चरायची. डोंगरावरच्या सरळ भिंती बहुतेक 1750 ते 1850 या काळातल्या. पार्लमेंटनं कायदे करून गावाची सामायिक कुरणं वाटून दिली, मोजणीदारांनी कागदावर रेघा ओढल्या आणि गवंड्यांच्या टोळ्यांनी त्या रेघा डोंगरावर चढवल्या. ज्यांच्याकडे चार मेंढ्या नि सामायिक चराईचा हक्क एवढंच होतं, त्यांचं चरायचं रान गेलं. पोस्टकार्डांवर छापल्या जाणाऱ्या या देखाव्यात ते दुःखही आहे, आणि भिंतींवर प्रेम करणाऱ्यानं ते माहीत करून घ्यायलाच हवं असं मला वाटतं. बांधणाऱ्या मजुराचं कसब आणि बांधायला लावणाऱ्याचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कसबासाठी आले होते.

संध्याकाळपर्यंत भिंतींतल्या सोयी बघत हिंडलो. माणसांनी ओलांडायला तीन-चार लांब दगड भिंतीतून बाहेर काढून केलेल्या पायऱ्या. एका ठिकाणी दोन उभे दगड इतके जवळ की माणूस अंग चोरून जाईल पण मेंढी अडकेल. तळाशी ससे आणि पाणी जायला वीतभर भोकं. आणि मेंढ्यांना एका रानातून दुसऱ्यात सोडायला चौकोनी दार, वर एकच लांब तुळईचा दगड. गरज नसली की त्यापुढे एक फरशी उभी लावतात.

रविवार, ग्रासिंग्टनजवळचं एक शेत

आजचा दिवस हाताचा. या भागात कोरड्या भिंती बांधायला शिकवणारे एक दिवसाचे वर्ग असतात, त्यांतल्या एकात आम्हा दोघींची नावं घातली होती. ब्रिटनमध्ये या कसबाची संघटना 1968 मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या परीक्षा आहेत : पहिली, मधली, वरची आणि शेवटी 'मास्टर क्राफ्ट्समन'. परीक्षेत लिहायचं नसतं, बांधायचं असतं.

शिकवणारे गवंडी सत्तरीकडे झुकलेले, बोटं जाड, बोलणं थोडं. भिंतीला एक खिंडार पडलं होतं, ते भरून काढायचं होतं. मला वाटलं होतं लगेच रचायला लागायचं. सकाळचा पहिला मोठा वेळ गेला तो मोडण्यात. खिंडाराच्या दोन्ही बाजूंची सैल झालेली भिंत उतरवली, पायापर्यंत. उतरवताना दगड वेगवेगळे लावायचे : माथ्याचे सगळ्यांत लांब, गवतावर ओळीनं, कारण ते शेवटी लागणार. दर्शनी दगड त्यांच्या अलीकडे, मोठे नि लहान वेगळे. भराव्याच्या कपच्या भिंतीच्या अगदी जवळ ढिगानं. आणि भिंतीलगत चालायला पाऊलभर वाट मोकळी. काम सुरू होण्याआधीच ते शेत इतकं नीट मांडून झालं होतं की पुढचा सगळा क्रम त्या गवतावर वाचता येत होता.

मग पाया. पहारीनं जमीन उकरून घट्ट तळ लागेपर्यंत खाली गेलो आणि सगळ्यांत मोठे धोंडे बसवले. इथे पहिला नियम आला, जो संध्याकाळपर्यंत शंभरदा ऐकला : दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी. बाहेरून दगडाचं लहान तोंड दिसलं पाहिजे. नवशिक्याचा हात उलटा जातो, लांब बाजू दर्शनी लावली की भराभर भिंत झाल्यासारखी दिसते. पण असा दगड नुसता टेकलेला असतो, भिंतीनं त्याला धरलेलं नसतं.

भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एकमेकींकडे कललेल्या. तळाशी पाऊण मीटर रुंद, माथ्याशी त्याच्या निम्मी. हा उतार सांभाळायला दोन्ही टोकांना लाकडी चौकटी उभ्या करतात आणि त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणतात. थर चढला की दोरी चढते. सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही : एकावर दोन, दोनांवर एक. आमच्याकडचा गवंडीही चिऱ्यांची सांधेमोड अशीच करतो. फरक एवढा की चिरा तासून सारखा केलेला असतो, आणि इथे प्रत्येक दगड वेगळा. शिकवणारे म्हणाले, उचललेला दगड परत खाली ठेवू नका, त्याला जागा शोधा. पहिल्या तासाला हे अशक्य वाटलं. दुपारनंतर डोळा आधी जागा बघायला लागला आणि मगच हात ढिगाकडे जायला लागला. ज्यांना हे काम जमतं त्यांना हेच जमलेलं असतं. ताकद त्यानंतरची गोष्ट.

दोन भिंतींच्या मधला भराव हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. फावड्यानं कपच्या ओतल्या की काम पाच मिनिटांत होतं, पण ओतलेला भराव पुढे खाली बसतो, दर्शनी दगड आतल्या बाजूला ढळतात आणि मधोमध भिंतीला पोट सुटतं. म्हणून कपची कपची हातानं बसवायची, पाठच्या दगडाला पाचर देत, पोकळी न ठेवता. बाहेरून पाचर मारणं निषिद्ध, ती पावसा-बर्फात निसटते. आमच्या बरोबर एक तरुण शेतकरी होता. त्याच्या घरच्या भिंती त्याच्या आजोबांनी बांधलेल्या. तो दर्शनी दगडाला हात न लावता दीड तास फक्त आतला भराव बसवत राहिला. मी दिवसभरात पाहिलेलं ते सगळ्यांत सुंदर काम.

गुडघ्याच्या थोडं वर गेल्यावर आरपार दगड येतात. दोन्ही दर्शनी भिंतींवर पोचणारे हे लांब दगड मीटरभराच्या अंतरानं आडवे टाकले की दोन भिंतींची एक भिंत होते. डोंगरावरच्या सरळ भिंती बांधताना केलेल्या करारांत रुंदी-उंचीबरोबर हे आरपार दगड किती नि कुठे हेही लिहून ठेवत, कारण गुत्तेदार तिथेच दगड चोरायचा. त्यावर पुन्हा थर, मग माथ्याचे दगड उभे, एकमेकांना रेटून. या वजनानं खालचं सगळं दाबून धरलं जातं.

अशी भिंत का टिकते, तर तिला पाणी अडवायचं नसतं. पाऊस आत शिरतो आणि निघून जातो, त्यामुळे थंडीत बर्फ होऊन फोडायला आत पाणी उरत नाही. वारा गाळून पलीकडे जातो, त्याचा जोर मोडतो, म्हणून मेंढ्या वादळात भिंतीच्या आडोशाला बसतात. जमीन खाली बसली तर भिंत तिच्याबरोबर थोडी बसते, तडकत नाही. आणि पडलीच तर दोन-चार मीटर पडते, त्याच दगडांनी पुन्हा उभी राहते. आमच्या गावी गेल्या काही वर्षांत गडगे काढून सिमेंटच्या कंपाउंड भिंती घालण्याचं वेड लागलं आहे. पहिल्या जोराच्या पावसात मागं पाणी तुंबतं आणि ती भिंत अखंड आडवी होते, मग तिचा दगडही परत वापरता येत नाही. गडग्यातून ते पाणी आपसूक गेलं असतं. हे आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही गड्याला माहीत होतं.

सोमवार, यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क

वेकफील्डजवळच्या ब्रेटन हॉल या अठराव्या शतकातल्या जहागिरीच्या आवारात हे शिल्पउद्यान आहे. इथल्या तेव्हाच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या पीटर मरे यांनी 1977 मध्ये ते सुरू केलं. आज सुमारे 500 एकरांत शिल्पं उभी आहेत, आणि त्यांच्यामधून मेंढ्या चरतात. हेन्री मूर जवळच्या कॅसलफर्डचे, जन्म 1898, वडील कोळसा खाणीत. बार्बरा हेपवर्थ वेकफील्डच्याच, जन्म 1903. आधुनिक शिल्पकलेतली ही दोन मोठी नावं अशी जवळजवळच्या गावांत जन्मली, याचा इथल्या माणसांना अभिमान आहे.

हेपवर्थ यांचा 'द फॅमिली ऑफ मॅन' हा 1970 चा नऊ ब्राँझ आकृतींचा समूह उतारावर उभा आहे. चौकोनी ठोकळे एकावर एक, मधून भोकं, भोकांतून आकाश. एखाद्या बंद दालनात या आकृती मला कोरड्या वाटल्या असत्या. इथे ढग सरकला की त्यांचा रंग बदलतो, आणि आपण उतारावरून खाली आलो की मागच्या आकृतीला पुढची झाकते, मग सोडते. मूर यांना आपल्या शिल्पांभोवती मेंढ्या असलेल्या आवडत. त्यांच्या एका प्रचंड ब्राँझला अंग घासून घासून मेंढ्यांनी खालचा भाग चकचकीत केलेला पाहिला, आणि ते शिल्पाचं नुकसान आहे असं मला जराही वाटलं नाही.

पण मी आले होते शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांच्यासाठी. जन्म 1956, वाढले यॉर्कशायरमध्ये, तेराव्या वर्षापासून शेतांवर मजुरी केली. त्यांच्या दगडी कामांत ते शेत दिसतं. मोठ्या भिंती ते कसबी गवंड्यांकडून बांधून घेतात, आणि ते लपवत नाहीत. तळ्याच्या पलीकडे ऑक्सली बँक नावाचा झाडीचा चढ आहे. वर जायला शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी 2010 मध्ये केलेल्या जळक्या ओकच्या 71 पायऱ्या, मध्ये दगडी कोळसा पसरलेला. पायाखाली कोळसा कुरकुरतो. या जिल्ह्याचा इतिहास एवढ्या साधेपणानं क्वचितच कुणी सांगितला असेल.

वर भिंतीच्या ओळीत 'हँगिंग ट्रीज' आहेत, 2007 मधलं काम. भिंतीलगत चालताना जमिनीत एक चौकोनी खळगा येतो, चारी बाजूंनी कोरड्या दगडांनी बांधलेला, आणि त्यात मोठं झाड आडवं टांगलेलं. टोकं दोन्हीकडच्या भिंतीत चिणलेली, मधलं खोड हवेत. असे तीन खळगे. पहिल्यापाशी मी बराच वेळ बसले. आदल्या दिवशी हात लावल्यामुळे डोळा आपोआप सांध्यांकडे जात होता. खोड ज्या दगडांत शिरतं तिथलं काम असं आहे की लाकूड आधी की दगड आधी ते सांगता येत नाही. भिंत सहसा झाडाला चुकवून जाते किंवा झाड भिंत पाडतं. इथे दोघं एकमेकांना धरून आहेत. लाकूड कुजणार, ते आधी जाणार, आणि दगडांत त्याच्या आकाराची जागा उरणार. हे सगळं शिल्पकारानं ठरवूनच केलं आहे.

राउंड वूड या राईत 'आउटक्लोजर' आहे, तेही 2007 चं. गोल, उंच, कोरडी भिंत. दार नाही, फट नाही, डोकावता येत नाही. भाची तिच्याभोवती दोनदा फिरून आली. "आत काय असेल गं?" मी म्हटलं, तेवढंच रान. मला हे काम हँगिंग ट्रीजइतकं आवडलं नाही. कल्पना स्वच्छ आहे, पण भिंत इथे कल्पनेची चाकरी करते. शनिवारी पाहिलेली सामायिक कुरणांची हकिकत आठवली की मात्र या बंद गोलाला धार येते : इंग्लंडच्या गरिबाला भिंतीची हीच बाजू दिसली असेल.

मंगळवार, ग्राइझडेल आणि टिल्बरथ्वेट

लीड्सहून सरोवरांच्या प्रदेशात. भाचीनं पहाटेच गाडी काढली. ग्राइझडेलच्या जंगलात शिल्पं ठेवायला सुरुवात झाली तीही 1977 मध्येच. इथला रिवाज वेगळा. शिल्पकारानं जंगलात राहावं, जंगलातलं सामान वापरावं, आणि पुढं काम ढासळलं तर ढासळू द्यावं.

गोल्ड्सवर्दी यांची 1990 ची 'टेकिंग अ वॉल फॉर अ वॉक' इथे आहे. सरळ जाणारी भिंत झाडांच्या खोडांना वळसे घालत नागमोडी जाते. आता ती शेवाळून हिरवी झाली आहे, काही ठिकाणी माथा उतरलाय, एका वळणावर दगड पसरले आहेत. मला ती अशी बघायला मिळाली याचा आनंद झाला. रविवारी शिकलेलं सगळं तिथे उघडं पडलं होतं : खिंडारात आतला भराव दिसत होता, आणि कुठला आरपार दगड अजून एकट्यानं वरचं वजन झेलतोय तेही. याच कल्पनेतून पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग उद्यानात 1997-98 मध्ये सुमारे 694 मीटर लांबीची भिंत उभी राहिली. ब्रिटनहून गवंडी नेले होते. ती जुन्या, पडक्या शेतभिंतीच्या रेषेवरून झाडांना वळसे घेत तळ्यात उतरते आणि पलीकडून बाहेर निघते. फोटोंत मी ती पाहिली आहे. पण ग्राइझडेलची ही मोडकी थोरली बहीण जास्त जवळची वाटते.

दुपारी कॉनिस्टनजवळचं टिल्बरथ्वेट. 1996 ते 2003 या काळात गोल्ड्सवर्दी यांनी कंब्रिया परगण्यात जुने मेंढवाडे पुन्हा उभे करायचं काम घेतलं. मनसुबा 100 वाड्यांचा होता, पन्नाशीच्या आत झाले. जुन्या नकाशांत वाडा दाखवलेला आहे पण जागेवर दगडांचा ढीग उरलाय, अशा जागा शोधल्या. पुन्हा बांधलेल्या वाड्यात खरोखर मेंढ्या कोंडता याव्यात ही अट. आपल्याकडे धनगर रात्री रानात वाघूर लावून मेंढरं आत घेतात, पहाटे जाळी गुंडाळून पुढं निघतात. इथे बर्फ आणि वारा, म्हणून वाडा दगडाचा आणि कायमचा.

टिल्बरथ्वेटचा वाडा चौकोनी आहे, जवळच्या खाणींतल्या हिरवट राखाडी पाटीच्या दगडाचा. चारी भिंतींत एकेक चौकट, आणि प्रत्येक चौकटीत पाटीच्या पातळ फळ्यांचं वर्तुळ. प्रत्येक वर्तुळातल्या फळ्यांची दिशा वेगळी : कुठे उभ्या, कुठे आडव्या, कुठे तिरप्या. त्यामुळे एकाच उन्हात एक वर्तुळ उजळतं, दुसरं काळं पडतं, आणि ढग आला की अदलाबदल. रंग नाही, कोरीव काम नाही. दगड कसा लावला एवढ्यानंच हे साधलं आहे. आत हर्डविक जातीच्या मेंढ्या होत्या, करड्या, पांढऱ्या तोंडाच्या, आणि त्यांची काळी कुळकुळीत कोकरं. पिल्लू जन्मताना काळं असतं आणि वयाबरोबर फिकं होत जातं. त्यांना शिल्पाचं काही नव्हतं, आडोसा होता. या संपूर्ण प्रवासात मला सगळ्यांत पटलेलं काम हेच. वाडा म्हणूनही तो चोख आहे, आणि वाडेपण जराही कमी न करता आणखी काहीतरी आहे.

बुधवार, कास्टरटन, रेझबेक आणि उत्तरेकडे

कास्टरटनच्या फेलफूट रोडवर गोल्ड्सवर्दी यांच्या त्याच कामातले 16 लहान वाडे आहेत, प्रत्येकात एकच प्रचंड धोंडा. पूर्वी स्कॉटलंडहून गुरं-मेंढरं हाकत दक्षिणेच्या बाजारांकडे नेत, तो हा रस्ता. काही वाड्यांत धोंड्याभोवती फिरायला जागा आहे, काहींत धोंड्यानं आतली सगळी जागा व्यापलीय. एकापासून दुसरा दिसत नाही, चालत जावं लागतं. पावसात चाललो, आणि चालण्यानंच ते सोळा एक होतात.

रेझबेकला गावचा कोंडवाडा आहे. भटकी गुरं कोंडायची, मालकानं दंड भरून सोडवून न्यायची, पद्धत आपल्याकडचीच. त्या कोंडवाड्याच्या आत गोल्ड्सवर्दी यांचा दगडी शंकू : बुडाशी अरुंद, मध्ये फुगलेला, वर निमुळता, उभ्या ठेवलेल्या फणसासारखा. बुडापेक्षा पोट मोठं करत जाणं कोरड्या रचनेत फार कठीण आहे. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित बाहेर, आणि मागच्या वजनानं धरून ठेवलेला. अर्ध्यापर्यंत ते काम सतत पडायच्या बेतात असतं, वरचा भार आला की मगच शांत होतं. असाच शंकू मॅलरस्टँगमधल्या आउटगिल गावीही आहे. तिथं थांबलो नाही. कार्लाइलवरून रात्री डम्फ्रिस.

गुरुवार, केर्नहेड

स्कॉटलंडच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात भिंतीचं रूप बदलतं. गॅलोवेची जुनी पद्धत अशी की खालचा अर्धा भाग दुहेरी, वरचा अर्धा एकेरी, मोठे गोटे फटी ठेवून रचलेले. फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. मेंढीला ते हलतंय, पडेल असं वाटतं आणि ती उडी मारायला धजत नाही, असं इथले लोक सांगतात. याच गॅलोवेत 1724 मध्ये कुळांनी रात्री एकत्र येऊन जमीनदारांच्या भिंती पाडल्या होत्या. इंग्लंडला गुरं विकण्यासाठी जमीनदारांनी मोठी कुरणं बंदिस्त केली आणि कुळांना हुसकून लावलं, त्याला हे उत्तर होतं. सैन्य आणून तो उठाव मोडला. मालमच्या सरळ भिंती अजून बांधायच्या होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

मोनिआइव्ह गावातून डॅलव्हॉट ओढ्याच्या कडेनं रस्ता केर्नहेडपर्यंत जातो. गोल्ड्सवर्दी यांच्या 'स्ट्रायडिंग आर्चेस' म्हणजे ढांगा टाकणाऱ्या कमानी इथे आहेत, 2008 मध्ये पुऱ्या झालेल्या. एक खाली पडक्या गोठ्यात, त्याच्या भिंतीतून बाहेर पाऊल टाकलेली. बाकीच्या बेनब्रॅक, कोल्ट हिल आणि बेल हिल या तीन डोंगरमाथ्यांवर. प्रत्येक कमान लाल वालुकाश्माच्या 31 ठोकळ्यांची, चार मीटरांच्या आत उंच, सात मीटर ऐसपैस, वजन 27 टनांच्या घरात. दगड डम्फ्रिसजवळच्या लोखरब्रिग्जच्या खाणीतला. ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयही याच दगडाचं. हा दगड जहाजांतून परदेशी गेला, इथली माणसंही गेली, आणि याच लाल दगडाच्या कमानी गोल्ड्सवर्दी यांनी कॅनडा आणि न्यूझीलंडमध्येही उभ्या केल्या.

आम्ही बेनब्रॅक चढलो. 580 मीटरांच्या आसपास उंची, 'सदर्न अपलँड वे' ही लांब पल्ल्याची पायवाट यावरून जाते. आधी जंगलखात्याच्या सूचिपर्णी झाडांमधला कंटाळवाणा रस्ता, मग ओलं गवत, मग वारा. कमान शेवटच्या चढापर्यंत दिसत नाही आणि दिसते ती एकदम, आकाशात.

भिंतीपेक्षा हे गणित वेगळं. भिंतीत प्रत्येक दगड थर चढताना आपल्या जागी पक्का होत जातो. कमान बांधताना मात्र लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी ठोकळे चढवत नेतात, आणि कळीचा दगड बसेपर्यंत तिच्यात स्वतःचं बळ काहीच नसतं. तो बसला, साचा खाली उतरवला, की पडू पाहणारा प्रत्येक ठोकळा शेजारच्याला दाबतो आणि त्या दाबानंच सगळे उभे राहतात. आपल्या हेमाडपंती देवळांतही सांध्यात चुना नाही, सिन्नरचं गोंदेश्वर त्यावरच उभं आहे, पण तिथे खांब आणि तुळया आहेत, वजन सरळ खाली जातं. इथे वजन वळवून नेलंय. मी तळव्यानं ठोकळा दाबून पाहिला. टाकीचे घाव बोटांना लागत होते, प्रत्येक हाताचा घाव निराळा.

हवा उघडली तेव्हा पलीकडच्या माथ्यावर दुसरी कमान दिसली, लाल ठिपक्याएवढी. "मावशी, ती बघ, ती इकडेच येतेय," भाची म्हणाली. नाव अगदी योग्य ठेवलंय.

शुक्रवार, पेनपॉन्ट

परतीच्या वाटेवर पेनपॉन्ट. गोल्ड्सवर्दी 1986 च्या सुमारास इथं राहायला आले. गावाबाहेरच्या टेकाडावर सहस्रक बदलताना बांधलेला त्यांचा मोठा शंकू आहे, माणसाहून बराच उंच, रस्त्यावरून दिसतो. रेझबेकचा कोंडवाड्याच्या भिंतींआड आहे, हा उघड्यावर. वाऱ्यापावसात इतकी वर्षं गेली तरी पोटाच्या रेषेला कुठे ढळ नाही.

2018 मध्ये युनेस्कोनं कोरड्या दगडी बांधकामाचं कसब मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ते 8 देशांच्या नावे होतं : क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड. 2024 मध्ये आयर्लंडसह आणखी पाच देश आले. कोकणचे गडगे कुणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाहीत. रविवारच्या वर्गात मी फोनवर आमच्या घरामागचा गडगा दाखवला, तेव्हा शिकवणाऱ्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, आरपार दगड कुठे आहेत? आमच्याकडे रुंद जांभा आडवा घालून तेच काम करतात, हे मी सांगितलं. त्यांनी ते वहीत काढून घेतलं.

जाणार असाल तर : मोनिआइव्हला डम्फ्रिसहून बस येते, पुढचे मैल गाडीनं किंवा पायी. बूट पाणी न शिरणारे हवेत. वाटेतली फाटकं जशी सापडतील तशी ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. भिंतीवर चढू नका, पायरी सापडेपर्यंत चालत राहा, ती असतेच. आणि कास्टरटनच्या रस्त्याला अख्खी सकाळ द्या.